पोकळ भिंतीचं घर आणि ते बांधणारे सर: जुळे सोलापुरातलं एक प्रकरण

जुळे सोलापुरात 1998 साली बांधलेलं एक घर आहे. तीस बाय चाळीसचा प्लॉट, खाली तीन खोल्या, वर गच्ची. घरमालक यंत्रमाग कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) होते. ते आता नाहीत. घरात त्यांच्या पत्नी, म्हणजे मावशी, राहतात, मुलगा पुण्याला नोकरीला असतो. मुलाने वर दोन खोल्या काढायचं ठरवलं आणि ठेकेदार बोलावला. ठेकेदाराने हातोडीचा दांडा भिंतीवर दोन-तीन ठिकाणी आपटला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "भिंती पोकळ आहेत. यावर काही चढणार नाही. न्हाणीजवळ तडा गेलाय तो बघा. पाडा आणि कॉलम घेऊन नवं करा."

हे घर ज्यांनी बांधलं ते सर तेव्हा नुकतेच गेले होते.

सरांचं नाव इथे देत नाही. सोलापुरात ज्यांनी घमेलं उचललंय किंवा थापी धरलीय त्यातल्या पुष्कळांना ते न सांगताही कळेल. ते एका तांत्रिक विद्यालयात बांधकाम शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरं बांधायचे. शोकसभेत त्यांच्या साधेपणावर बरंच बोलणं झालं. सायकल, खादीचा सदरा, चहाला नकार, सगळं आलं. त्यांच्या एकाही भिंतीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. ज्यांना बोलता आलं असतं ते गवंडी मागे उभे होते आणि त्यांना कुणी माइक दिला नाही. जे तिथे राहून गेलं ते या घराच्या वादात बाहेर आलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

सर कुठून शिकले

त्यांचं गाव अक्कलकोट तालुक्यातलं. लहानपण माळवदाच्या घरात गेलं. दारातली ढेलज, पुढे सोपा, आत धान्याचं बळद, छतात उजेडासाठी सवणं. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, त्यामुळे उन्हाळ्यात आत गार. पण दर पावसाळ्याआधी कुणीतरी वर चढून माती टाकून ती चोपायची, नाहीतर गळती. घर सांभाळायला माणूस लागतो हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

तरुणपणी ते तिरुवनंतपुरमला जाऊन वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांची कामं पाहून आले होते. बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे, जन्म 1917 चा. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना मुंबईत बोटीसाठी थांबावं लागलं, तेव्हा त्यांची गांधीजींशी भेट झाली. पुढे 1945 मध्ये कुष्ठरोग्यांच्या इस्पितळांचं काम घेऊन ते भारतात आले, बरीच वर्षं पिथौरागडच्या डोंगरात राहिले आणि 1963 मध्ये केरळात गेले. सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर, तिरुवनंतपुरम स्टेशनजवळचं गोल गोल वर चढत जाणारं इंडियन कॉफी हाउस ही त्यांची कामं. 1990 मध्ये पद्मश्री मिळाली, 2007 मध्ये ते गेले. नकाशे वापरलेल्या पाकिटांच्या नाहीतर निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर काढायचे आणि साइटवर गवंड्याशेजारी उभं राहून काम करून घ्यायचे. सरांनी ही दुसरी सवय पूर्ण उचलली आणि पहिली अर्धी. लग्नपत्रिकेच्या पाठीमागे तेही काढायचे, पण काम झालं की तो कागद कुठे गेला याची फिकीर नसायची. या प्रकरणात हीच गोष्ट नडली.

घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार बेकर नेहमी सांगत. सर वर्गात हे सांगायचे आणि लगेच विचारायचे, "आता सांगा, सोलापूरपासून पाच मैलांत काय मिळतं?" काळा दगड मिळतो, मुरूम मिळतो, गावठाणाची पांढरी माती मिळते. शहाबादी फरशी कलबुर्गीकडची, म्हणजे पाच मैल नाही, पण रेल्वेने जवळच. आणि वीट? तिथे सर हसायचे. केरळची एकसारखी भाजलेली वीट आणि आपल्या भट्टीची वीट यात फरक आहे. एक वाकडी, एक करपलेली, एक कच्ची. त्यामुळे बेकरची भिंत सोलापुरात जशीच्या तशी उचलून आणता येत नाही, आपल्या विटेप्रमाणे ती पुन्हा शोधावी लागते. माझ्या मते सर कल्पक होते ते याच अर्थाने. वेगळं दिसणारं घर बांधण्याची हौस त्यांना फारशी नव्हती.

भिंतीचा प्रकार

वादाचं मूळ या भिंतीत आहे, म्हणून थोडं खोलात जातो.

नेहमीच्या नऊ इंची भिंतीत वीट आडवी, पसरट बाजूवर बसते. रॅट ट्रॅप बाँडमध्ये ती कडेवर उभी राहते. एक वीट आतल्या तोंडाला, एक बाहेरच्या तोंडाला, मध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी आणि ठरावीक अंतरावर दोन्ही तोंडांना जोडणारी एक आरपार वीट. भिंतीची जाडी तीच, नऊ इंच. विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात, सिमेंट-वाळूचा मालही बराच कमी लागतो. आतली हवा उष्णता अडवते. मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो अशा गावात हा फायदा पैशांच्या बचतीपेक्षा मोठा आहे. यंत्रमागावर दिवस काढून आलेला माणूस घरी येऊन झोपू शकतो की नाही, एवढा साधा त्याचा हिशोब.

पण ही भिंत आळशी हाताला माफ करत नाही. जोत्यापाशी, खिडकीच्या खाली, लिंटेलला (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीला) आणि वर स्लॅबच्या खाली भरीव थर घ्यावा लागतो. कोपरे आणि दारांच्या बाजू नीट बंद कराव्या लागतात. वायरिंगचे पाइप बांधतानाच टाकावे लागतात, कारण नंतर झिरी मारली तर कडेवर उभ्या असलेल्या विटेची जाडी कापली जाते आणि थेट पोकळीत भोक पडतं.

छतही वेगळं. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळई घेते. मग तिथलं थोडं काँक्रीट काढून मंगलोरी कौलं बसवायची. कौलांच्या ओळींमधल्या पट्ट्यांत सळई आणि काँक्रीट. याला फिलर स्लॅब म्हणतात. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, उन्हाची झळ कमी होते. सर खालून गिलावा करू द्यायचे नाहीत. कौलं उघडी दिसायची.

किल्लारीनंतर

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सोलापूरही हललं. सर नंतर त्या भागात घरांच्या मजबुतीकरणाच्या कामावर जाऊन आले. तिथे त्यांनी पाहिलं ते त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवण्याचा पाया झालं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती पडल्या होत्या. जाडी कमी पडली असं कुणीच म्हणू शकत नव्हतं. आतला पदर वेगळा, बाहेरचा पदर वेगळा, दोघांना धरणारा आरपार दगड नाही, आणि वर मातीचं जड माळवद. हादरा बसताच पदर सुटले. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही बऱ्याच ठिकाणी माळवद खांबांवर तोललेलं राहिलं.

लोकांनी यातून काढलेला अर्थ सरळ होता: दगड-माती वाईट, आरसीसी चांगलं. सरांनी काढलेला अर्थ वेगळा. भिंत पडते ती जोड नसल्यामुळे. त्यानंतर साइटवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पदर जोडला का?" दगडाच्या भिंतीत आरपार दगड, रॅट ट्रॅपमध्ये आरपार वीट, कोपऱ्यात उभी सळई, जोत्यावर आणि लिंटेलला सलग पट्टा. 2002 मध्ये भूकंपविभागांचा नकाशा सुधारला गेला, त्यात सोलापूर तिसऱ्या विभागात दाखवलेलं आहे. सर कोपऱ्यातल्या पोकळीत सळई घालून ती काँक्रीटने भरत होते ते त्याच्या आधीपासून.

शिकवण्याची पद्धत अशी: पहिले दोन थर माल न लावता कोरडे रचायचे. रचून झाले की सर एक आरपार वीट काढून घ्यायचे आणि विद्यार्थ्याला म्हणायचे, "ढकल." भिंत पडायची. मग वीट परत बसवायला लावायचे आणि पुन्हा, "ढकल." ओळंबा, गुण्या, पाण्याची नळी या गोष्टी त्यानंतर.

बिगारी बायका आयुष्यभर घमेलीच वाहतात, हे त्यांना मान्य नव्हतं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी काही जणींच्या हातात थापी दिली. गवंड्यांनी कुरकुर केली. त्यातली एक बाई आज स्वतः ठेके घेते. या प्रकरणात पुढे तिचा संबंध येतो.

सर चुकलेही. सुरुवातीच्या एका घराला भट्टीची जी मिळाली ती वीट वापरली. सांधे कुठे जाड, कुठे रिकामे. पहिल्याच जोराच्या पावसात पश्चिमेकडच्या भिंतीच्या पोकळीत पाणी उतरलं आणि आत ओल आली. त्यांनी ती भिंत स्वखर्चाने दुरुस्त केली. नंतर प्रत्येक तुकडीला तिथे घेऊन जाऊन, घरच्यांच्या समोर, काय चुकलं ते सांगायचे. पुढे वीट निवडताना दोन विटा एकमेकींवर ठेवून मधून उजेड दिसतो का ते पाहायचा त्यांचा नियम झाला. सोलापूरजवळचा फताटेवाडीचा औष्णिक वीजप्रकल्प 2017 मध्ये सुरू झाल्यावर तिथल्या कोळशाच्या राखेच्या विटांकडे त्यांनी लगेच लक्ष वळवलं, कारण त्या एकसारख्या मापाच्या असतात. जन्मभर मातीच्या विटेचं गुणगान करणारा माणूस साठी ओलांडल्यावर वीट बदलतो, हे मला शोकसभेतल्या खादीच्या सदऱ्यापेक्षा मोठं वाटतं.

घराची तपासणी

मावशींनी घर पाडायला नकार दिला. भावनेपोटी नाही, नव्या बांधकामाचा आकडा ऐकून. त्यांनी सरांच्या हाताखालच्या जुन्या मेस्त्रींना निरोप धाडला, मेस्त्रींनी आम्हा दोघा-तिघा जुन्या विद्यार्थ्यांना. आमच्यातला एक जण स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. ठेकेदारालाही बोलावलं, कारण त्याला डावलून काही ठरवणं बरोबर नव्हतं. तो लबाड नव्हता. त्याने अशी भिंत आधी कधी पाहिली नव्हती, एवढंच.

पहिला प्रश्न तड्याचा. तडा न्हाणीच्या कोपऱ्यापासून तिरका वर गेलेला. बाहेरच्या बाजूने खड्डा घेतला. मूळ घराचा पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत, सुमारे पाच फूट खाली गेलेला होता. न्हाणीचा पाया मात्र जेमतेम दोन फूट, थेट काळ्या मातीत. न्हाणी सरांची नव्हतीच. ती मालकांनी काही वर्षांनी कुणाकडून तरी जोडून घेतली होती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यात न्हाणीचं पाणी रोज तिथेच मुरत होतं. न्हाणी वरखाली होत राहिली, घर जागचं हललं नाही, आणि दोघांच्या सांध्यावर तडा पडला. भिंतीच्या पोकळपणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दुसरी इजा मात्र भिंतीलाच झाली होती. एसी बसवणाऱ्याने पाइपासाठी आरपार भोक पाडलं होतं आणि वायर लपवायला तीन-चार फूट आडवी झिरी मारली होती. एक आरपार वीट मधोमध तुटलेली दिसत होती. मेस्त्री भोकात बोट घालून म्हणाले, "आता बघा की, पदर सुटला." मावशींना विचारलं, त्याला अडवलं नाही का? त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक ओ. सरांनी कधी सांगितलंच नाही भिंत फोडू नका म्हणून. सांगितलं असेल तर यांना सांगितलं असेल."

तिसरी अडचण छताची. वरच्या भिंती कुठे उभ्या करायच्या हे ठरवायला स्लॅबमधल्या सळयांची जागा कळायला हवी आणि नकाशा कुणाकडेच नव्हता. खालून पाहावं तर मुलाच्या साखरपुड्याच्या वेळी हौसेने पीओपीचं छत करून घेतलेलं. मुलगा त्याला हात लावू द्यायला तयार नव्हता, खर्च त्याचा होता. मधल्या खोलीतला एक चौकोन कापायला तो कसाबसा राजी झाला. आत कौलं जशीच्या तशी ओळीने, आणि मधल्या पट्ट्या स्पष्ट. सरांनी गिलावा का करू दिला नव्हता, हे मुलाला तेव्हा कळलं. बघणाऱ्याला सळई कुठे आहे ते खालूनच दिसावं. वर्गात हे कारण सर सांगायचे. या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते झाकलं गेलं.

मग मेस्त्री गच्चीवर गेले. कठड्याच्या कोपऱ्यावर थाप मारत म्हणाले, "हितं सळई हाय की. मीच वाकवलो तिला." ठेकेदाराचा विश्वास बसेना. मेस्त्रींनी छिन्नी लावली. कठड्याच्या आत, काँक्रीटमध्ये वाकवून ठेवलेली सळई निघाली. वरून थोडी गंजलेली, आत ठणठणीत. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. म्हणजे वरचा मजला कधीतरी चढेल हे सरांनी 1998 मध्ये धरलं होतं आणि त्याची तयारी करून ठेवली होती. ठेकेदार बराच वेळ त्या सळईकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "हे कागदावर का नाही?"

प्रश्न बरोबर होता, आणि आमच्यापैकी कुणाकडे त्याचं उत्तर नव्हतं.

काय ठरलं, आणि माझं मत

इंजिनियर मित्राने हिशोब केला. पूर्ण मजला नाही. पुढच्या बाजूला दोन खोल्या. वरची प्रत्येक भिंत खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर. मधल्या पार्टिशनची एक भिंत मुलाला खोलीच्या मध्यावर हवी होती, ती स्लॅबवर घेता येणार नव्हती. इथे ठेकेदाराचं म्हणणं खरं ठरलं: या छतावर वाटेल तिथे भार देता येत नाही. त्या जागी हलकं पॅनेल घ्यायचं ठरलं. वरच्या भिंती राखेच्या विटांच्या, रॅट ट्रॅपमध्येच. कोपऱ्यातल्या जुन्या सळईला नवी जोडून वर न्यायची. एसीची झिरी उघडून तुटलेली वीट बदलायची, पोकळी तेवढ्या भागात भरून घ्यायची. न्हाणी पाडायची आणि मुरमापर्यंत पाया घेऊन पुन्हा बांधायची, घराच्या भिंतीपासून सांधा सोडून. घराभोवती फरशीचा पट्टा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. मागची अर्धी गच्ची मोकळी ठेवायची, हा हट्ट मावशींचा: "उन्हाळ्यात झोपायचं कुठं मग?"

काम ठेकेदाराकडेच राहिलं, पण विटकाम सरांनी थापी हाती दिलेल्या त्या ठेकेदार बाईंच्या टोळीने करायचं, असं त्याने स्वतःच सुचवलं. त्याचे दोन गवंडी त्यांच्या हाताखाली शिकतील. पहिल्या दिवशी बाईंनी दोन थर कोरडे रचायला लावले आणि ठेकेदाराच्या पोराला म्हणाल्या, "ढकल बे."

सरांबद्दलचं माझं मत या घराने थोडं बदललं. शिक्षक म्हणून ते मोठेच होते. हाताला शिकवायचं कसं हे त्यांच्याइतकं जमलेला माणूस मी पाहिला नाही. पण त्यांनी शिकवलं बांधणाऱ्यांना. घरात राहणाऱ्यांना शिकवायचं राहून गेलं. गवंडी घर बांधून चार-सहा महिन्यांत निघून जातो. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या भिंतीचं भलंबुरं ठरवतात ते मावशी, एसीवाला, नळवाला आणि पीओपीवाला. माळवदाच्या घरात घरच्यांना छताची निगा ठाऊक असायची, कारण ते काम त्यांच्याच हातचं होतं. सर त्याच घरातून आलेले. तरी सोपी, स्वस्त, थंड घरं देताना त्यांनी ती निगा सोबत दिली नाही. त्यांना बहुधा वाटलं असावं की आपण आहोतच, विचारतील. पण विचारायला माणूस कायमचा नसतो. मालक गेले, मग सर गेले, आणि घर मुकं झालं. त्यांच्या काही घरांत तर वारसांनी विचारण्याआधीच पोकळ भिंती भरीव करून घेतल्या आहेत, दुप्पट खर्चात.

स्मरण म्हणून काय करावं यावर शोकसभेनंतर बरीच चर्चा झाली होती. कुणाला तैलचित्र हवं होतं, कुणाला विद्यार्थ्यांसाठी पारितोषिक. पारितोषिकाला माझी ना नाही. पण या घरानंतर आम्ही दुसरंच काम धरलं आहे. सरांचं प्रत्येक घर, मालक तयार असतील तिथे, मोजून घ्यायचं. पाया किती खोल, सळई कुठे, भरीव थर कुठल्या उंचीला, पाइप कुठून गेलेत. मेस्त्री आणि त्यांचे सोबती बोलतात, पोरं लिहून घेतात. प्रत्येक घराचा एकच पानी नकाशा, आणि मागच्या बाजूला घरच्यांसाठी चार ओळी मराठीत, जिथे गरज तिथे तेलुगू किंवा कानडीत: खिळा कुठे ठोकायचा, कुठे नाही, झिरी मारायची झाली तर कुणाला विचारायचं, न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. पान लॅमिनेट करून मीटरच्या पेटीजवळ लावायचं, म्हणजे वायरमनला आधी तेच दिसेल.

मेस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे जी घरं फक्त त्यांनाच आठवतात ती आधी घेतली आहेत. जुळे सोलापुरातल्या या घराचं पान तयार झालं. वरच्या खोल्यांचं विटकाम लिंटेलपर्यंत आलं आहे आणि पार्टिशनच्या पॅनेलवरून मुलगा आणि ठेकेदार यांच्यात दराची घासाघीस अजून चालू आहे.